दूधशेंग लावणारा जावई

जावयाने फरशांच्या दुकानातली नोकरी सोडली, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "मग आता कशाची पाळी?" हा टोमणा आहे हे सगळ्या घराला कळलं. ज्याला मारला त्यालाच कळलं नाही.

"दूधशेंगेची, आई!" तो खुर्चीतून अर्धा उठत म्हणाला. "डोंगरावर फुकट उगवते. कोणी लक्षच दिलं नाही आजवर."

"तुम्ही द्या," आई म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली. घरात लेक, नवरा, जावई सगळेच तिला आई म्हणत, म्हणून इथेही आईच म्हणू. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खिडकीमागे बसून तिने सगळी उमेदीची वर्षं काढली होती. खिडकीपलीकडचा माणूस तोंड उघडायच्या आत खरं बोलणार की थापा मारणार हे तिला समजायचं, निदान तिला तसं वाटायचं. या जावयाच्या बाबतीत मात्र तिची पंचाईत झाली होती. तो थापा मारत नव्हता. तो जे बोलायचा ते त्याला मनापासून खरं वाटायचं, आणि ते ऐकताना लेकीलाही.

तसा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला दार दाखवता येतं. हा नुसता उतावळा. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करत. लहानपणी हा पठ्ठ्या दुरुस्त झालेल्या घड्याळांची पाठ उघडून आतली चाकं फिरतायत ना, ते बघायचा. गिऱ्हाइकं हळूहळू दुसऱ्या दुकानात जायला लागली, आणि हे तो हसत हसत चारचौघांत सांगायचा, जणू मोठा पराक्रमच. मोठेपणी त्याने अळिंबी लावून पाहिली. ती अंधारात वाढते. हा दर थोड्या वेळाने बॅटरी घेऊन खोलीत शिरायचा, किती वाढली ते बघायला. अळिंबीच्या जागी काळी बुरशी आली. मग शोभेचे मासे आणले आणि पाणी स्वच्छ हवं म्हणून इतक्या वेळा बदललं की मासेच कंटाळून उलटे तरंगले. स्वयंपाकघरात याला उभा केला की शिजत्या भांड्याचं झाकण जागेवर राहील तर शपथ. जे म्हणून झाकून, आपल्या आपण, कोणाच्या नजरेविना होतं, ते याला बघवत नसे.

अशा माणसाने दूधशेंग लावायला घ्यावी!

दूधशेंग म्हणजे काही बागेतलं लाडावलेलं झाड नव्हे. खडकाळ, कोरड्या, उन्हाने भाजलेल्या उतारांवर जिथे दुसरं काही टिकत नाही, तिथे ती गुडघाभर उंचीने पसरते. दोन्ही बाजूंना बारीक पानं लागलेली, पिसासारखी डहाळी. फिकट पिवळी फुलं. मग फुगलेल्या शेंगा, ज्या सुकल्या की खुळखुळ्यासारख्या वाजतात. शेळ्यांना चारली की दूध वाढतं असा तिथल्या गुराख्यांचा समज, त्यावरून नाव पडलं. दूध खरंच वाढतं का ते शेळ्यांना ठाऊक. पण खरी वस्तू जमिनीखाली. तिचं मूळ सरळ खोल जातं, दगडांच्या फटी शोधत, आणि चार वर्षांनी ते अंगठ्याएवढं जाड होतं. ते वाळवून, काप करून अशक्त माणसाला काढ्यात देतात. मागणी एवढी की खोदणाऱ्यांनी आसपासचे उतार ओरबाडून काढले होते. मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली, आणि पहिल्या मोठ्या पावसात अर्धी टेकडी खालच्या रस्त्यावर आली. त्यामुळे औषधवाले आता रानातलं नको, लावलेलं द्या म्हणत होते.

म्हणजे कल्पना चांगली होती. आईला सगळ्यात जास्त राग त्याचाच होता. कल्पना खुळी असती तर लेक फसली नसती.

लेक इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. कायमची जागा. ती मिळावी म्हणून आईने किती रात्री तिच्या शेजारी बसून पेंगत काढल्या होत्या. आणि आता ही मुलगी बिनपगारी रजा टाकून नवऱ्यामागे टेकडीवर गेली होती. तिथे जावयाच्या आत्याचा एक उतार पडून होता आणि त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. रजा वाढवून वाढवून तीन वर्षं झाली. मग इस्पितळाने स्पष्ट सांगितलं: येत्या सोमवारी रुजू व्हा, नाहीतर जागा सोडा. आणि नेमक्या त्याच आठवड्यात औषधाच्या कारखान्याची खरेदीवाली बाई पीक बघायला येणार होती. तिने होकार दिला तर लेक राजीनामा देणार होती. नकार दिला तर सोमवारी इस्पितळात हजर होणार होती. असा सौदा नवरा-बायकोत ठरला होता.

"म्हणजे आपण काय मागायचं देवाकडे?" बाबांनी विचारलं. बाबा म्हणजे आईचे यजमान. स्वभावाने इतके मऊ की जावईसुद्धा त्यांना आवडायचा.

"तुम्ही काही मागू नका. तुमचं ऐकलं जाण्याची भीती आहे," आई म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. खरेदीवाली येईल तेव्हा आपण तिथे असायचंच, हे तिने ठरवलं होतं. जावयाचं तोंड पडलेलं तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

टेकडीवर पोहोचल्या पोहोचल्या जावई पुढे आला. डोक्यावर रुंद काठाची टोपी, कमरेला चामड्याच्या म्यानात कात्री, पायात गुडघ्यापर्यंत बूट. हात मात्र कारकुनाचे, एक घट्टा नाही.

"या आई, या बाबा! आधी शेत बघा, चहा मागून."

"आधी चहा," आई म्हणाली.

पण बाबा गेलेच त्याच्याबरोबर, आणि आईला खोलीच्या दारातून सगळं दिसत होतं. खाली सपाटीवर मऊ माती आणून त्याने वाफे केले होते. शेणखत घातलेलं, नळी फिरवलेली, कडेला पांढरे दगड. रानातली दूधशेंग, जिला पाण्याचा थेंबही फार होतो, तिला त्याने गुलाबासारखं पाळलं होतं. सुरुवातीला तर बीसुद्धा उगवलं नव्हतं. या बियांचं कवच काचेसारखं टणक. पाणी आत शिरत नाही. याने तसंच पेरलं आणि महिनाभर मातीला शिव्या घातल्या. शेवटी लेकीने बी दोन सॅंडपेपरांमध्ये घालून चोळलं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं, तेव्हा कुठे कोंब आले. उरलेलं मूठभर बी तिने वर, खडकाळ चढावर टाकून दिलं, कारण खाली जागा उरली नव्हती. जावई त्या चढाला 'आपला उकिरडा' म्हणायचा. तिकडे चढताना त्याला दम लागायचा.

"बघा हं बाबा," जावई म्हणाला, आणि फावडं मारून एक अख्खं झाड उपटलं. "बघितलंत मूळ? गेल्या वेळेपेक्षा जाड आहे की नाही?"

"आहे बुवा," बाबा म्हणाले. गेल्या वेळचं मूळ त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आईच्या हातातला कप तसाच राहिला. "हा प्रत्येकाला असं उपटून दाखवतो?" तिने लेकीला विचारलं.

लेक स्टोव्हशी वाकली होती. "कोणी आलं की एखादं."

"आणि कोणी नाही आलं तर?"

लेकीने स्टोव्हला पंप मारला.

"नाही आलं तर स्वतः बघत असेल. बरोबर? अगं, मूळ वाढतंय का ते बघायला झाड उपटणारा माणूस जगात हा एकटाच असेल. आणि तो बरोबर आपल्याच घरात यावा!"

"आई, हळू बोल."

"त्याला ऐकू आलं तरी कळणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदीवाली यायची होती. आई लवकर उठली आणि वाफ्यांकडे गेली. एका झाडाची फांदी वाळलेली दिसली, ती मोडावी म्हणून तिने धरली. अख्खं झाड हातात आलं. खाली मूळ नव्हतं. तिरपी कापलेली नुसती फांदी, ओल्या मातीत खोचलेली. तिने शेजारचं धरलं. तेही तसंच. त्याच्या पलीकडचं घट्ट होतं, पण पुढची ओळीने चार पुन्हा खोचलेली.

आईला आधी विश्वास बसेना, आणि मग असा काही आनंद झाला की तिला पदराने तोंड झाकावं लागलं. बावळट नव्हता तर! लबाड होता! उपटून उपटून वाफे रिकामे केले आणि आता फांद्या खोचून कारखान्याच्या बाईच्या डोळ्यांत धूळ फेकायला निघालाय. बाई एक फांदी ओढेल आणि नाटक संपेल. सोमवारी लेक पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत असेल. आईने हातातली फांदी काळजीपूर्वक होती तशी परत खोचली. एवढ्या कौतुकाने तिने त्या शेतातल्या कशालाच हात लावला नव्हता.

तेवढ्यात वरच्या चढावरून कोणी उतरताना दिसलं. लेक होती. काखेत ताज्या कापलेल्या फांद्यांचा भारा. आईला बघून ती थबकली आणि मग, आता लपवून काय करायचं अशा चेहऱ्याने, वाफ्यात बसून फांद्या खोचायला लागली.

"तू?" आई म्हणाली.

"हं."

"हे तू करतेस? त्याने सांगितलं तुला?"

"त्याला माहीतच नाही, आई. परवा मी वाफे नीट बघितले. निम्म्याहून जास्त रिकामे. पसरलेल्या फांद्यांमुळे लांबून कळत नव्हतं एवढंच."

"आणि त्याच्या लक्षात आलं नाही?"

लेकीने मान खाली घातली. "काल संध्याकाळी त्याने या खोचलेल्यांना पाणी घातलं. म्हणाला, बघ, कशी टवटवीत दिसतायत."

आईला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती कोणावर काढायची हेच आता समजेना. याच हातांनी ही मुलगी लोकांचं रक्त तपासायची. काचेच्या नळीवर चुकीची चिठ्ठी लागली म्हणून एकदा घरी येऊन जेवली नव्हती. आणि आज हीच मातीत बसून खोटी झाडं लावत होती. कोणासाठी, तर खरं झाड आणि खोचलेली फांदी यातला फरक न कळणाऱ्या माणसासाठी!

"ती बाई एक ओढून बघेल, आणि तुझं नाक कापलं जाईल," आई म्हणाली. "त्याचं नाही. त्याला नाकच नाही. तुझं."

"कळतंय मला." लेकीचे हात थांबले नाहीत. "आजचा दिवस निभावू दे, आई. तू काही बोलू नकोस फक्त."

खरेदीवाली आली ती धुळीने माखलेल्या जीपमधून. आखूड केस, पुरुषी बूट, हातात छोटं टोकदार खोरं. जावयाने तिला चार पावलं चालू दिली असतील नसतील, तोच त्याचं तोंड सुरू झालं. माती काय, खत काय, सूर्याचा कोन काय! बाई "हं" म्हणत होती. बाबा कौतुकाने मान डोलावत होते. लेक मागे उभी होती, आणि तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

बाई दुसऱ्या ओळीपाशी वाकली. तिने हात लांब केला तो बरोबर सकाळच्या फांदीकडे.

आईला हवी होती तीच वेळ आली होती. तोंडातून शब्दही काढायचा नव्हता, नुसतं उभं राहायचं होतं. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने डोळे मिटून घेतले होते. लहानपणी टोचून घेताना मिटायची तसे, घट्ट.

"अहो बाई, ते राहू द्या!" आई एवढ्या मोठ्याने ओरडली की बाई दचकून सरळ झाली. "ते काय बघता? ते आपलं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला ठेवलंय. खरं पीक वर आहे."

"वर?" जावई म्हणाला. "वर कुठे काय आहे?"

"तुम्ही गप्प बसा. विनय करायची ही वेळ नाही," आई म्हणाली, आणि बाईचा दंड धरून तिला चढावर घेऊनही गेली. वर काय आहे याची तिलाही कल्पना नव्हती. लेक फांद्या घेऊन तिकडून उतरली होती, म्हणजे तिथे काही झुडपं असणार, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त त्या खोट्या ओळींपासून बाईला लांब न्यायचं होतं. वर दमल्यावर पाणी पाजू, गप्पा मारू, उन्हाने डोकं दुखेल, आपोआप परत जाईल.

वर दगडांमधून दूधशेंग पसरली होती. कळा नाही, टवटवी नाही. धुळकट, राठ, निम्मी छाटलेली. बाईने काही न बोलता एक झुडूप निवडलं आणि खोरं चालवलं. बराच वेळ चालवलं. दगड बाजूला काढले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि शेवटी मूळ बाहेर आलं: सरळ, फाटे न फुटलेलं, जवळजवळ जावयाच्या अंगठ्याएवढं जाड. बाईने ते मोडलं. आत हळदीसारखं पिवळं. तिने एक तुकडा चघळला, थुंकला, पुन्हा चघळला.

"हे कोणी लावलं?"

"मी," धापा टाकत नुकताच वर पोहोचलेला जावई म्हणाला. "इथे मी मुद्दामच हात लावला नाही. निसर्गावर सोडायचं असतं काही काही."

आईने दीर्घ श्वास घेतला. तो उकिरडा म्हणून सोडलेला चढ, तो दम लागतो म्हणून न चढलेला चढ, आता याचं तत्त्वज्ञान झाला होता. एका दिवसात आळसाचं एवढं सोनं झालेलं तिने कचेरीतसुद्धा पाहिलं नव्हतं.

"अजून एक वर्ष," बाई म्हणाली. "तोवर काढू नका, पाणी घालू नका, काही करू नका. पुढच्या वर्षी हा चढ पुरा मी घेईन. खालचं मला नको. पाण्याने मुळं कुजतात." मग तिने लेकीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "आणि काहींना तर मुळंच नसतील." एवढं बोलून ती उतरली. जीप धूळ उडवत गेली.

आईला एकदम हलकं वाटलं. होकारही नाही, नकारही नाही! एक वर्ष! आणि तेही काहीच न करण्याचं. काही न करायला दोन माणसं कशाला लागतात? खोलीत शिरताच तिने लेकीचा हात धरला.

"बघ, देवाने किती सोपं केलं. तू सोमवारी रुजू हो. शेत आपोआप वाढणार आहे. बाईच म्हणाली, काही करायचं नाही. वर्षाने पुन्हा विचार कर."

लेक दमून चटईवर बसली होती. "हो," ती म्हणाली. "मलाही तेच वाटतंय. इथे करण्यासारखं तरी काय आहे?" तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आई, तू मघाशी ओरडलीस ना... नाहीतर संपलंच होतं."

"असू दे. सामान बांध. आमच्याबरोबरच चल."

तेवढ्यात वरून बाबांचा आवाज आला, अगदी खुशीतला: "वा! याहूनही जाड!"

लेकीने मान वर केली. दोघी दारात आल्या. वर चढावर जावई फावडं घेऊन उभा होता आणि हातातलं लांबलचक मूळ बाबांच्या नाकाशी धरून फिरवत होता. पायाशी आणखी दोन झुडपं आडवी पडली होती.

"बाबांना नीट दिसलं नव्हतं मघाशी!" तो खाली ओरडला. "आता या पलीकडच्याचं बघतो. आई, तुम्ही पण या ना!"

लेक धावत वर गेली. आईला खालून शब्द ऐकू आले नाहीत. दिसलं एवढंच की तिने त्याच्या हातातून फावडं काढून घेतलं, आणि त्याने ते गोंधळलेल्या चेहऱ्याने देऊन टाकलं. मग ती उपटलेल्या झुडपांपाशी बसली, त्यांची मुळं पुन्हा खड्ड्यात जातायत का बघितलं, आणि ती तुटलेली आहेत असं कळल्यावर तशीच बसून राहिली.

परत आली तेव्हा फावडं तिच्याकडेच होतं. ते तिने आत आणून कॉटखाली सारलं.

"सोमवारी मी येत नाही, आई."

"अगं, काय बोलतेस? आत्ता तर म्हणालीस, इथे काही काम नाही!"

"आहे. याला अडवायचं काम आहे. मी गेले तर वर्षाने त्या बाईला दाखवायला या टेकडीवर फक्त खड्डे असतील."

आईने बोलायला तोंड उघडलं. 'मग याला सोड,' असं ती म्हणणार होती. त्याची अक्कल, त्याची टोपी, त्याची कात्री, सगळं एका दमात बाहेर काढणार होती. पण हे सगळं लेकीला तिच्याहून जास्त माहीत होतं. जे माहीत असूनही कोणी राहतं, त्याला काय सांगायचं?

"कायमची जागा होती," ती एवढंच म्हणाली.

"होती," लेक म्हणाली, आणि दारातून वर बघत तिने हाक मारली, "अरे, ती कात्रीपण आण इकडे!"